-७ भागिले २: कोड एका भाषेतून दुसरीत नेताना आकडे वेगवेगळे का छाटले जातात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातल्या एका टीमने चाकणच्या बाजूच्या शीतगृहांसाठी तापमान-नियंत्रणाचं गणित पायथनमध्ये लिहिलं आहे. स्वतःच्या छोट्या ट्रान्सपायलरमधून (एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्राममधून) तेच गणित दोन ठिकाणी जातं: कंट्रोलरसाठी सीमध्ये आणि डॅशबोर्डसाठी जावास्क्रिप्टमध्ये. उत्तरं जुळत नाहीत. एकच ओळ कुठे -४ देते, कुठे -३, कुठे -३.५. सीमध्ये काही ओळी बरोबर येतात आणि अगदी तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या चुकतात. धन आकड्यांवर तक्रार नाही. सर्व्हरवर टेस्ट पास होतात, ऑफिसातल्या लॅपटॉपवर नापास. ट्रान्सपायलरने सगळीकडे फ्लोअर (खालच्या पूर्णांकाकडे नेणारी क्रिया) घातला तर सुटेल का?

नाही. एक चूक झाकली जाईल आणि दुसरी, जास्त अवघड, तयार होईल. कारण तुम्ही ज्याला ‘छाटणं’ म्हणता आहात त्यात निदान चार वेगळ्या क्रिया आहेत: पूर्णांकांचा भागाकार, त्याची बाकी, दशांश संख्येचं पूर्णांकात रूपांतर, आणि आलेलं उत्तर ३२ किंवा ६४ बिटांत बसवणं. प्रत्येक भाषेने या चारही बाबतीत आपापला निर्णय घेतलेला आहे. ऑपरेटरचं चिन्ह सारखं दिसतं म्हणून तेच चिन्ह पलीकडे उतरवलं की चारही निर्णय नकळत बदलतात.

आधी भागाकार. पायथनमध्ये दोन तिरक्या रेघांचा भागाकार (//) नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो, म्हणून -७ // २ हे -४. सीमध्ये पूर्णांकांचा भागाकार शून्याकडे जातो, म्हणून -३. हे १९९९ च्या सी मानकाने पक्कं केलं. त्याआधी ऋण आकड्यांचं काय करायचं ते कंपायलरवर सोडलेलं होतं, त्यामुळे फार जुन्या कंट्रोलरचा जुना कंपायलर वापरत असाल तर तेही तपासा. जावा, सी-शार्प, गो, रस्ट हे सगळे सीच्या वाटेने, शून्याकडे. जावास्क्रिप्टमध्ये साध्या संख्यांना पूर्णांक प्रकारच नाही. प्रत्येक संख्या ६४-बिट दशांश, म्हणून -७ / २ हे -३.५. तुमची तीन उत्तरं ही अशी तीन भाषांची आहेत, आणि आपापल्या घरी तिन्ही बरोबर आहेत.

शीतगृहात याचा अर्थ काय होतो ते पाहा. सेन्सर अंशाच्या दहाव्या भागात आकडा देतो असं धरू: -१७.५ अंश म्हणजे -१७५. गोठवलेल्या मालासाठी मर्यादा -१८. पायथनचं मॉडेल -१७५ // १० करून -१८ काढतं आणि गप्प बसतं. कंट्रोलरमधला सी कोड -१७ काढतो आणि भोंगा वाजवतो. डॅशबोर्ड -१७.५ दाखवतो. तिघांनाही एकच रीडिंग मिळालेलं आहे. पुण्याच्या हवेत पारा शून्याखाली जात नाही, त्यामुळे टेबलावर ठेवलेल्या सेन्सरने कितीही दिवस चाचणी केलीत तरी हा फरक दिसणार नाही. दुसरी खूण: शून्याकडे छाटणाऱ्या कोडमध्ये -०.९ पासून ०.९ पर्यंतचं सगळं शून्यात जमा होतं, म्हणजे शून्याचा कप्पा इतरांच्या जवळजवळ दुप्पट रुंद. रीडिंगचा आलेख काढल्यावर नेमक्या शून्यावर खांब उंच दिसला तर हवामानाआधी भागाकारावर संशय घ्या.

भागाकार आणि बाकी ही जोडी आहे

शाळेतलं सूत्र: भाज्य = भाजक × भागाकार + बाकी. कुठल्याही भाषेत हे टिकायला हवं असेल तर भागाकार आणि बाकी एकाच घराण्यातली हवीत. पायथनमध्ये बाकीचं चिन्ह भाजकाप्रमाणे असतं, म्हणून -७ % २ हे १, आणि २ × (-४) + १ = -७. सी, जावा, जावास्क्रिप्टमध्ये बाकीचं चिन्ह भाज्याप्रमाणे, म्हणून -७ % २ हे -१, आणि २ × (-३) - १ = -७. दोन्ही जोड्या आपापल्या जागी शाबूत.

आता ‘सगळीकडे फ्लोअर’ घालून पाहू. जावास्क्रिप्टमध्ये भागाकाराला फ्लोअर लागला, पण % तसाच राहिला. म्हणजे भागाकार पायथनचा आणि बाकी सीची. तुमच्या टेस्ट सर्व्हरवर पास आणि लॅपटॉपवर नापास का, याचं उत्तर बहुधा इथेच आहे. ब्राउझरला टाइमझोनचा फरक विचारला की तो स्थानिक वेळ आणि यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) यांतलं अंतर मिनिटांत, उलट चिन्हाने देतो. भारतीय वेळेवर लावलेल्या प्रत्येक मशीनवर हा आकडा -३३०. पायथनच्या नियमाने -३३० ला ६० ने भागलं तर भागाकार -६, बाकी ३०. जोडून पुन्हा -३३०. तुमच्या मिश्रणात भागाकार -६ पण बाकी -३०, जोडून -३९०. सरळ एक तासाची चूक. सर्व्हर यूटीसीवर असेल तर तिथे हा आकडा शून्य, आणि शून्याला काहीही लावलं तरी शून्यच. अमेरिकेत हा आकडा धन येतो, त्यामुळे तिकडच्या कोणालाही हा दोष दिसणार नाही. यावरून एक व्यावहारिक नियम: टेस्ट चालवताना टाइमझोन आशिया/कोलकाता असा मुद्दाम लावून एक फेरी घ्या, आणि अमेरिकेतला एखादा लावून दुसरी.

१९७० च्या आधीच्या तारखांचंही असंच. युनिक्स वेळ (१ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद) तिथे ऋण असते. -१ सेकंदाला ८६४०० ने भागलं तर पायथन -१ देतो, म्हणजे ३१ डिसेंबर १९६९, जे बरोबर आहे. सी ० देतो, म्हणजे १ जानेवारी १९७०. वयस्कर लोकांच्या जन्मतारखा एक दिवस पुढे सरकल्या अशी तक्रार कुठल्याही प्रणालीत आली की पहिल्यांदा हे बघावं.

सीमध्ये पायथनची जोडी अशी बांधा. आधी भाषेचा स्वतःचा भागाकार आणि बाकी काढा: भा = अ / ब; बा = अ % ब. मग बाकी शून्य नसेल आणि बाकीचं चिन्ह भाजकाच्या चिन्हाहून वेगळं असेल, तर भा मधून १ वजा करा आणि बा मध्ये ब मिळवा. बस. दशांशात नेऊन फ्लोअर करू नका. छोट्या कंट्रोलरवर ते महागही पडतं. जावामध्ये तयार फंक्शनं आहेत, फ्लोअर-डिव्ह आणि फ्लोअर-मॉड, आवृत्ती ८ पासून.

जावास्क्रिप्टमध्ये क्रम उलटा ठेवा: आधी बाकी, नंतर भागाकार. तिथला % नेमका असतो, त्यात राउंडिंग होत नाही. बाकी काढा, वरच्याच नियमाने चिन्ह दुरुस्त करा, आणि मग (अ - बा) / ब. हा भाग पूर्ण जातोच, त्यामुळे फ्लोअरची गरजच उरत नाही आणि २^५३ पर्यंतचे पूर्णांक निर्धोक राहतात.

दशांश संख्यांवरचा // मात्र वेगळं प्रकरण आहे. पायथनमध्ये १ // ०.१ चं उत्तर ९.० येतं, १० नाही. ०.१ ही संख्या बायनरीत साठवताना खऱ्या ०.१ पेक्षा किंचित मोठी होते, आणि पायथन हा भागाकार बाकीवरून काढतो, म्हणून तो प्रामाणिकपणे ९ सांगतो. जावास्क्रिप्टमध्ये १ / ०.१ आधी राउंड होऊन नेमकं १० होतं, मग फ्लोअर १०. म्हणजे ‘// म्हणजे फ्लोअर’ हेदेखील पूर्ण खरं नाही. दशांशांसाठी बाकीवरून काढणारं वेगळं हेल्पर (छोटं मदतनीस फंक्शन) लिहा, किंवा ट्रान्सपायलरने दशांशांवर // दिसल्यावर सरळ एरर द्यावी. माझं मत दुसऱ्या पर्यायाकडे झुकतं. नियंत्रणाच्या कोडमध्ये दशांश // ची खरी गरज क्वचितच असते.

जोडी मोडण्यासाठी दोन भाषाच लागतात असंही नाही. डार्टमध्ये छाटणारा भागाकार (~/) शून्याकडे जातो, पण % नेहमी शून्य किंवा धन देतो. -७ ला २ ने: भागाकार -३, बाकी १, आणि २ × (-३) + १ = -५. डार्टमध्ये ~/ ची खरी जोडीदार रिमेंडर ही मेथड आहे, % नाही. उद्या डॅशबोर्ड फ्लटरमध्ये (डार्टमध्ये ॲप बनवायच्या साधनात) न्यायचा विचार असेल तर हे आत्ताच टिपून ठेवा.

‘तशाच दिसणाऱ्या’ ओळी वेगळ्या का वागतात

सीमधल्या काही ओळी बरोबर आणि काही चूक, हे लक्षण भाषेपेक्षा ट्रान्सपायलरकडे बोट दाखवतं. तुमचा ट्रान्सपायलर स्वतः पायथनमध्ये लिहिलेला आहे. बहुतेक ट्रान्सपायलर स्थिर आकड्यांची गणितं आधीच सोडवून टाकतात. ओळीत थेट -७ // २ असेल तर हे गणित ट्रान्सपायलरच्या पोटात, पायथनच्या नियमाने होतं आणि सीमध्ये तयार -४ उतरतो. ओळीत व्हेरिएबल असेल तर सीचा / उतरतो आणि चालताना -३ येतो. तपासायला सोपं: तीच किंमत एकदा थेट लिहा, एकदा फंक्शनला बाहेरून द्या, आणि तयार झालेला सी कोड शेजारी-शेजारी ठेवून वाचा.

स्रोत पायथन असल्याने तुमच्याकडे हे पूर्व-गणित योगायोगाने बरोबर ठरतं आहे. उलट दिशेला, म्हणजे स्रोत सी आणि ट्रान्सपायलर पायथनमध्ये, असंच केलं तर थेट आकड्यांच्या ओळी चुकतील आणि व्हेरिएबलच्या बरोबर येतील. म्हणून पूर्व-गणित करणाऱ्या भागाने यजमान भाषेचे ऑपरेटर कधीच वापरू नयेत. स्रोत भाषेच्या नियमांची फंक्शनं वेगळी लिहून तीच वापरावीत.

याच भागात आणखी दोन सापळे आहेत. एक, ऋण चिन्ह कुठे उतरतं. पायथनच्या व्याकरणात -७ // २ मध्ये उणे आधी लागतं. सिंटॅक्स ट्रीमधून (कोडच्या रचनेच्या झाडातून) परत लिहिताना कंस सुटला आणि -(७ / २) असं उतरलं, तर शून्याकडे छाटणाऱ्या भाषेत काही कळणार नाही, फ्लोअरवाल्या भाषेत मात्र -३ येईल. दोन, २ ने भागण्याऐवजी उजवीकडे एक बिट सरकवण्याची ‘सुधारणा’. -७ >> १ हे पायथन, जावा, जावास्क्रिप्टमध्ये -४. सीच्या मानकात ऋण संख्या उजवीकडे सरकवण्याचं उत्तर कंपायलरवर सोडलेलं आहे, प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी -४ च. म्हणजे सरकवणं हे फ्लोअर आहे आणि सीचा / हा शून्याकडचा आहे. एकाच्या जागी दुसरं चालत नाही. फिक्स्ड-पॉइंटमध्ये (अपूर्णांक ठरावीक पटीने वाढवून पूर्णांकात ठेवण्याच्या पद्धतीत) गुणाकारानंतर १५ बिट सरकवायची पद्धत आहे, तिथेही प्रत्येक वेळी आकडा खाली ओढला जातो. फिल्टरसारख्या फिरत्या गणितात हा झुकाव साचत जातो. टाळायचा असेल तर सरकवण्याआधी १६३८४, म्हणजे २^१४, मिळवा.

पुण्यात वाहन-सॉफ्टवेअरवाल्यांची संख्या मोठी, म्हणून मॅटलॅबचाही उल्लेख करतो. मॅटलॅबमध्ये पूर्णांकांचा भागाकार ना फ्लोअर ना छाटणी; तो जवळच्या पूर्णांकाकडे जातो. ३२-बिट पूर्णांक ७ भागिले २ तिथे ४ येतं. सिम्युलिंकच्या (मॅटलॅबसोबतच्या आकृती-मॉडेलच्या साधनाच्या) ब्लॉकमध्ये पूर्णांक-राउंडिंगची वेगळी सेटिंग असते आणि ती न छेडता ठेवली तर फ्लोअर. तिथून तयार झालेला सी कोड लांबलचक दिसतो म्हणून हाताने ‘साफ’ करणारे असतात. ते लांबलचक तुकडे बहुतेकदा हे नियम पाळण्यासाठीच असतात. काढू नका.

शून्य-बार ही छाटणी नाही

जावास्क्रिप्टमध्ये दशांश उडवायला | ० लावायची सवय सगळ्यांना आहे, आणि तयार ट्रान्सपायलरही ती वापरतात. पण | ० आधी छाटतं आणि मग आकडा ३२ बिटांत दुमडतं. ३०००००००००.७ | ० चं उत्तर -१२९४९६७२९६. डॅशबोर्डवर मिलिसेकंदांतली वेळ असते. १७००००००००००० (हा नोव्हेंबर २०२३ मधला क्षण) | ० लावल्यावर -८०७०४९२१६ होतो. पैशांत रक्कम ठेवणाऱ्या प्रणालीत ३२ बिटांची हद्द २,१४,७४,८३६ रुपये ४७ पैसे आहे. बाणेरमधल्या अडीच कोटींच्या फ्लॅटची किंमत पैशांत लिहून | ० लावा, ती उणे १,७९,४९,६७२ रुपये ९६ पैसे होते. दोन टिल्डांची (~~) युक्ती हेच करते.

फक्त दशांश उडवायचा असेल तर मॅथ.ट्रंक वापरा, ते २०१५ च्या आवृत्तीपासून आहे. ३२-बिट पूर्णांकासारखं वागायचं असेल तेव्हाच | ०. ट्रान्सपायलरच्या आत या दोन क्रियांना दोन वेगळी नावं द्या, म्हणजे एकीच्या जागी दुसरी उतरणार नाही. पार्सइंट तर या कामाला लावूच नका. ते आकड्याचं आधी अक्षरांत रूपांतर करतं, ०.०००००५ चं ठीक, पण ०.००००००५ अक्षरांत ‘५ई-७’ असं होतं आणि पार्सइंट त्यातला ५ उचलून देतं.

मॅथ.ट्रंकची एक किरकोळ पण चिडवणारी बाजू आहे: -०.५ छाटल्यावर -० मिळतो. तुलनेत तो शून्याइतकाच असतो, पण स्थानिक पद्धतीने आकडा छापणारं फंक्शन त्याला ‘-०’ असं दाखवतं. शीतगृहाच्या पडद्यावर उणे शून्य अंश पाहून फोन येतातच. शेवटी + ० मिळवा. -० + ० हे धन शून्य होतं.

गुणाकारात दुमडणं वेगळ्या कारणाने चुकतं. दोन ३२-बिट पूर्णांकांचा गुणाकार २^६२ पर्यंत जाऊ शकतो, जावास्क्रिप्टची संख्या २^५३ पर्यंतच नेमकी. त्यापुढे खालचे बिट राउंड होऊन गेलेले असतात, आणि नंतर | ० लावून आपण नेमके तेच खालचे बिट मागतो. चेकसम, हॅश, रँडम नंबरचं गणित इथे मोडतं: ११०३५१५२४५ सारख्या गुणकाने ३१-बिट आकडा गुणला की हद्द कधीच ओलांडलेली असते. यासाठी मॅथ.आयमूल आहे. बेरीज-वजाबाकीला प्रत्येक पायरीनंतर | ०, गुणाकाराला मॅथ.आयमूल, ही कोटलिनच्या जावास्क्रिप्ट कंपायलरची रीत आहे आणि उचलण्यासारखी आहे. अनेक भाषांत उतरणाऱ्या हॅक्स या भाषेत मात्र दशांशातून पूर्णांक काढणाऱ्या फंक्शनचं उत्तर ३२ बिटांबाहेर गेल्यास ठरलेलं नाही असं दस्तऐवजातच लिहिलेलं आहे. तिथे ‘जावास्क्रिप्टवर चाललं म्हणून दुसऱ्या लक्ष्यावर चालेल’ हे धरू नये.

तुमचा स्रोत पायथन असल्याने एक मूळ अडचण उरतेच. पायथनच्या पूर्णांकाला वरची हद्दच नाही, त्यामुळे कुठलीही दुमडणारी भाषा त्याच्याशी आपोआप जुळू शकत नाही. पायथनच्या कोडमध्येच प्रत्येक व्हेरिएबलची मर्यादा लिहायला भाग पाडा, उदाहरणार्थ तापमान -५०० ते ६००, आणि ट्रान्सपायलरने त्यावरून ठरवावं की मधली किंमत ३२ बिटांत मावते की नाही. सीमध्ये नुसता इंट लिहू नका. आर्डुइनो उनो आर३ सारख्या ८-बिट बोर्डवर तो १६ बिटांचाच असतो. २५० × २०० इतका साधा गुणाकारही त्यात मावत नाही, आणि चिन्हवाल्या पूर्णांकाचा ओव्हरफ्लो सीमध्ये अनिर्बंध वर्तनात (मानक कशाचीच हमी देत नाही अशा प्रकारात) मोडतो. रुंदी नावात असलेले प्रकारच वापरा.

भाजक शून्य झाला तर पायथन एरर देऊन थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये अनंत येतो आणि | ० त्याचं निमूट शून्य करतं. कॉर्टेक्स-एम३ आणि एम४ या आर्मच्या छोट्या प्रोसेसरांवर हार्डवेअरचा भागाकारही शून्यच देतो, जोवर तुम्ही त्यासाठीचा ट्रॅप चालू करत नाही. दोन्हीकडे बिघडलेला सेन्सर ‘शून्य अंश’ म्हणून पुढे जातो. भागाकाराच्या हेल्परमध्ये पहिली तपासणी हीच ठेवा.

दशांशातून पूर्णांकात

मावणारा आकडा असेल तर इथे सगळ्यांचं एकमत आहे: सीचा कास्ट, जावाचा कास्ट, पायथनचा इंट, तिन्ही शून्याकडे छाटतात. अडचण न मावणाऱ्या आकड्याची. जावा टोकाची किंमत देते आणि ‘संख्या नाही’ या किमतीसाठी ० देते. रस्ट २०२० च्या १.४५ आवृत्तीपासून तसंच करतं. वेबअसेम्ब्लीची (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या बायनरी कोडची) मूळ सूचना कार्यक्रम थांबवते, नंतर आलेली दुसरी टोकाला थांबते. सीमध्ये हे अनिर्बंध वर्तन आहे, आणि ते नुसतं पुस्तकातलं नाही: एक हजार कोटी हा दशांश आकडा ३२-बिट पूर्णांकात कास्ट केला तर इंटेल प्रोसेसरवर सर्वात लहान ऋण किंमत येते, आर्मवर सर्वात मोठी धन. जीसीसी या सी कंपायलरला तो आकडा कंपाइल करतानाच दिसला तर इंटेलवरसुद्धा धन टोक येतं. म्हणजे एकाच मशीनवर, ऑप्टिमायझेशन चालू-बंद केल्यावर उत्तराचं चिन्ह बदलतं. कास्टच्या आधी हद्द तपासणारं हेल्पर हाच उपाय, आणि ‘संख्या नाही’ ची तपासणी त्यात सर्वात वर.

छाटण्याआधीचा आकडाच वेगळा असेल तर नियम जुळवूनही फायदा नाही. ४.३५ × १०० घ्या. ६४-बिट दशांशात उत्तर ४३४.९९९९९९… येतं, छाटल्यावर ४३४. तेच ३२-बिट दशांशात राउंड होऊन नेमकं ४३५ होतं. कॉर्टेक्स-एम४ मधल्या दशांश युनिटला फक्त ३२-बिट येतं, म्हणून कंट्रोलरवरचा कोड त्यात लिहिण्याचा मोह होतो, आणि पायथनशी एकाचा फरक पडतो. त्यातही सीमध्ये ४.३५ ३२-बिट ठेवून १०० च्या मागे ‘एफ’ लावायचा राहिला, म्हणजे १००.० असा लिहिला, तर गुणाकार ६४-बिटांत होतो आणि पुन्हा ४३४. जावास्क्रिप्टमध्ये ३२-बिट दशांशाची नक्कल हवी असेल तर प्रत्येक पायरीला मॅथ.एफराउंड लावावं लागतं. फक्त शेवटी लावून पुरत नाही. नियंत्रणाच्या आकड्यांसाठी मी हा सगळा भागच काढून टाकेन: सेन्सरपासून पडद्यापर्यंत अंशाचा दहावा भाग पूर्णांकात ठेवा, दशांश चिन्ह फक्त छापताना.

कोणी म्हणेल, छाटू नका, राउंड करा. तिथेही एकवाक्यता नाही. पायथन ३ मध्ये २.५ चं राउंड २, कारण तो अर्ध्यावर सम संख्या निवडतो. जावास्क्रिप्टचं मॅथ.राउंड २.५ ला ३ देतं पण -२.५ ला -२, कारण अर्ध्यावर ते वर जातं. सीचं राउंड -२.५ ला -३ देतं. जावास्क्रिप्टचंच टू-फिक्स्ड -२.५ ला -३ करतं, म्हणजे एकाच भाषेत दोन नियम. सी-शार्पमध्ये कास्ट छाटतो आणि कन्व्हर्ट वर्गातलं रूपांतर सम संख्येकडे राउंड करतं, दिसायला दोन्ही ‘इंटमध्ये बदला’ असंच.

दुरुस्ती कुठून सुरू करावी

ट्रान्सपायलरच्या मधल्या रूपात ‘भागाकार’ नावाची एकच क्रिया असेल तर ती आज काढा. तिच्या जागी खालचा-भाग, शून्य-भाग, खरा-भाग, आणि पहिल्या दोघांच्या जोडीच्या दोन बाक्या, अशा पाच क्रिया करा. छाटणी आणि दुमडणं वेगळं. पायथन वाचणारा भाग यातली नेमकी एक निवडेल. सी आणि जावास्क्रिप्ट लिहिणारे भाग प्रत्येकीसाठी एक हेल्पर उतरवतील. दोन्ही बाजू धन आहेत हे मर्यादांवरून सिद्ध झालं तरच हेल्परऐवजी नुसतं चिन्ह उतरवायचं. गती कमी होईल ही भीती बहुतेक वेळा निराधार असते. कंपायलर छोटी हेल्पर फंक्शनं जागेवरच उलगडतो.

मग अपेक्षित उत्तरं पायथनकडूनच काढून एका फाइलमध्ये ठेवा आणि तिन्ही ठिकाणी तीच फाइल चालवा. चिन्हांच्या चारही जोड्या हव्यातच. ७ व २, -७ व २, ७ व -२, -७ व -२ यांचे खालचे भागाकार अनुक्रमे ३, -४, -४, ३ आणि बाक्या १, १, -१, -१. शून्याकडचे भागाकार ३, -३, -३, ३ आणि बाक्या १, -१, १, -१. पूर्ण भाग जाणारी -८ व २ ही जोडीही घाला. वजा १ ची दुरुस्ती चुकून नेहमीच लागत असेल तर ती इथे पकडली जाते. -३३० व ६०, -१ व ८६४००, ३२ आणि ५३ बिटांच्या हद्दी व त्यांच्या दोन्ही बाजूंचे आकडे, आणि सर्वात लहान ३२-बिट ऋण संख्या भागिले -१. ही शेवटची सीमध्ये ओव्हरफ्लो आहे, इंटेलवर कार्यक्रम तिथेच कोसळतो, तर जावा निमूट तीच ऋण संख्या परत देते.

प्रत्येक केस दोनदा चालवा: एकदा आकडे कोडमध्ये थेट, एकदा फाइलमधून वाचून. सीसाठी ऑप्टिमायझेशन बंद आणि चालू अशा दोन बिल्ड करा, आणि तिसरा सॅनिटायझर (चालताना अशा चुका पकडणारी तपासणी) लावून. जीसीसीमध्ये अनिर्बंध वर्तनाचा सॅनिटायझर लावला तरी दशांशाच्या न मावणाऱ्या कास्टची तपासणी त्यात येत नाही. फ्लोट-कास्ट-ओव्हरफ्लो हा पर्याय वेगळा द्यावा लागतो.

एवढं झाल्यावरही डॅशबोर्ड आणि कंट्रोलर एका अंशाने हटले तर आधी रीडिंग कच्च्या पूर्णांकात दोन्हीकडे छापून बघा. कच्चे आकडे जुळत असतील तर दोष अजून या पाच क्रियांतच आहे. जुळत नसतील तर सेन्सरच्या ड्रायव्हरमध्ये बघा, कारण १६-बिट ऋण आकडा चिन्हाशिवाय वाचला की -१७५ चा ६५३६१ होतो.